३० पौंडांची म्हणून घेतलेली मासे गरवायची काठी खरंच तेवढी आहे का, घरी कसं तपासायचं?

भाट्येकाठ

मागच्या आठवड्यात आठ फुटी, दोन तुकड्यांची कार्बनची काठी मागवली. मुठीच्या वर छापलंय: दोर १५ ते ३० पौंड, आमिष २० ते ६० ग्रॅम. भाट्याच्या खाडीत जिताडा आणि तांबोशी या माशांसाठी घेतली आहे. आजवर बाबांच्या जुन्या फायबरच्या काठीने गरवत आलो. ती जाड आणि जड आहे, पण हातात घेतली की भरवसा वाटतो. नवीचा शेंडा इतका लवतो की मनात शंका आली.

३० पौंड म्हणजे १३.६ किलो. म्हणून काल तंगूस (नायलॉनचा एकसलग दोर) बांधून तांदळाची पाच किलोची पिशवी जमिनीवरून उचलून बघितली. वीतभर उचलली तोच काठी पार कमानीसारखी झाली, मी घाबरून खाली ठेवली. परत करायला चार दिवस उरलेत. साडेतीन हजार रुपये माझ्यासाठी मोठी रक्कम आहे. छापलेला आकडा खोटा समजायचा का?

खडपावरचा

आधी एक करा, पिशवी पुन्हा उचलू नका. मी पंचवीस वर्षं गरवतोय आणि तुटलेल्या काठ्या सांधूनही देतो. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच काठ्या माशाने तोडलेल्या नसतात. कोणीतरी शेंडा आभाळाकडे करून वजन उचललेलं असतं. काठी उभी धरली की सगळा ताण वरच्या बारीक हातभर भागावर येतो आणि जाड बुंध्याला कामच उरत नाही.

तो ३० पौंडांचा आकडा दोराचा आहे. या काठीवर त्या ताकदीपर्यंतचा दोर लावावा, एवढाच त्याचा अर्थ. रीळाचा ड्रॅग, म्हणजे मासा जोरात ओढू लागला की दोर सोडणारा ब्रेक, आपण दोराच्या ताकदीच्या चौथाई ते तिसऱ्या हिश्श्यावर ठेवतो. म्हणजे तुमच्या काठीला प्रत्यक्षात साडेचार किलोच्या आसपास ओढ सोसायची आहे. १३.६ किलो तुम्हालाही धरवणार नाहीत. समजा, वाकलेल्या काठीचा शेंडा पुढच्या हातापासून दीड मीटर लांब आहे, मूठ पोटाला टेकवली आहे आणि पुढचा हात तिच्यापासून ४५ सेंटिमीटरवर आहे. मग त्या हातावर ५९ किलोंचा भार येतो. साडेचार किलोंनाच तो वीस किलोंच्या घरात जातो.

आता तपासणी. सामान तोलायचा हुकवाला काटा खांबाला बांधा. दोर काठीवरच्या सगळ्या कड्यांतून ओवून काट्याला अडकवा. सांधा पूर्ण बसलाय ना बघा, डोळ्यांवर चष्मा घाला. काठी जमिनीशी ४५ अंशांत धरून हळूहळू मागे सरका. दोन किलोंना शेंडा वाकून ओढीच्या रेषेत यावा आणि बाक मधल्या भागात उतरावा. साडेचारला बुंध्यानेही थोडं वाकावं, पण पुढे वाकायला जागा शिल्लक हवी. दोन किलोंनाच बाक मुठीपर्यंत आला तर आकडा फुगवलेला आहे, निःशंक परत करा. करकर आवाज आला, काठी पिळली गेली किंवा दोन कड्यांमधला दोर काठीला घासला, तरीही परत करा.

दोराला निदान मोजमाप आहे. इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशन विक्रमासाठी दोर ओला करून तोडून बघते, ३० पौंडांचा वर्ग तिथे १५ किलोंचा. काठ्यांना असं सर्वांना बांधणारं मोजमाप नाही. एकाची ‘मीडियम’ दुसऱ्याची ‘हेवी’ असते. अमेरिकेत विल्यम हॅनेमन यांनी फ्लाय (पिसांचं हलकं आमिष फेकायच्या) काठ्यांसाठी एक छान रीत बसवली: मूठ आडवी धरून शेंड्याला सेंटची नाणी टांगत जायची आणि शेंडा काठीच्या लांबीच्या तिसऱ्या हिश्श्याइतका खाली यायला किती लागली ते मोजायचं. तुम्ही नाण्यांऐवजी बाटलीत मोजून पाणी भरा, एक लिटर म्हणजे एक किलो. बाबांच्या आणि नव्या काठीची अशी तुलना केलीत तर तुम्हाला स्वतःचा आकडा मिळेल. छापील आकड्यापेक्षा माझा त्यावर जास्त विश्वास आहे.

उधाण_भरती

काकांशी सहमत. कार्बनच्या काठीवरून बोटाचं नख फिरवून बघा. प्रवासात ठोका बसला असेल तर बारीक खाच लागते, आणि काठी पुढे तिथूनच जाते. फायबर असे ठोके सोसतं, म्हणून बाबांची काठी टाकू नका.

भाट्येकाठ

काका, आज सकाळी भावाला काट्याजवळ बसवून केलं. दोन किलोंना बाक बरोबर मध्यापर्यंत. साडेचारला बुंधा वाकला, आवाज नाही, पीळ नाही. बाटलीने मोजलं तर शेंडा तिसऱ्या हिश्श्याइतका खाली यायला बाबांच्या काठीला नवीपेक्षा पाव लिटर कमीच पाणी लागलं! जाड काठी म्हणजे दणकट, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

पण हिंमत करून सहा किलोंकडे जाताना साडेपाचला ब्रेडेड (विणलेला) दोरच सुटला. ३० पौंडांचा दोर, तुटला नाही, लीडरच्या (दोराच्या टोकाला जोडलेल्या तंगसाच्या तुकड्याच्या) गाठीतून सरकून आला.

खडपावरचा

काठी ठेवा. सहापर्यंत जायची गरज नव्हती, पण गाठ घरीच कळली हे चांगलं झालं. ब्रेड गुळगुळीत असतो, तंगसाची गाठ त्यावर धरत नाही. ब्रेड आणि लीडर जोडायची एफजी गाठ शिका, वीस वेढे घाला, ओली करून आवळा आणि त्याच काट्यावर पुन्हा ओढा. साडेचारला सलग एक मिनिट टिकली की मगच खाडीवर जा.