नाकाजिमा ई८एन जलविमान: नक्कल की स्वतंत्र आरेखन, आणि १९३५ सालीही दुपंखी का?

बालाघाट (लातूर) यांचा प्रश्न

नमस्कार. मी लातूरच्या एका तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकी शिकवतो. दरवर्षी काही विद्यार्थ्यांसोबत एखाद्या जुन्या यंत्राची लाकडी प्रतिकृती तयार करतो. यंदा आम्ही जपानी नौदलाचे नाकाजिमा ई८एन हे युद्धनौकेवरून उडणारे आणि पाण्यावर उतरणारे टेहळणी विमान निवडले आहे. मापे हाताशी आहेत: पंखांचा विस्तार १०.९८ मीटर, लांबी ८.८१ मीटर, पोटाखाली एक मोठा तरंडा (विमानाला पाण्यावर तरंगवणारा होडीसारखा भाग) आणि खालच्या पंखांच्या टोकांशी दोन लहान तरंडे. सांगाडा जवळजवळ पूर्ण झाला आहे, परंतु विद्यार्थ्यांनी विचारलेल्या तीन शंकांपाशी माझी गाडी अडली आहे.

पहिली शंका अशी की, या विमानाचे अधिकृत नाव ‘प्रकार ९५’ आहे, तर त्याआधी जपानी नौदलाकडे खरोखरच चौऱ्याण्णव प्रकार होते काय? दुसरी, हे विमान अमेरिकेच्या व्हॉट कंपनीच्या कोर्सेअर या विमानाची उचलेगिरी आहे असे सर्रास म्हटले जाते. त्यात तथ्य किती? तिसरी शंका माझीही आहे. १९३५ साली, म्हणजे धातूची एकपंखी विमाने सर्वत्र पुढे येत असताना, या नौदलाने तारा आणि खांबांनी बांधलेले दुपंखी विमान का स्वीकारले? विद्यार्थी म्हणतात, हा मागासलेपणा होता. मला ते पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही.

प्रतिष्ठान (पैठण) यांचे उत्तर

सर, पहिल्या शंकेचे उत्तर शालिवाहनाच्या गावातल्या माणसाने द्यावे हे योग्यच आहे, कारण हा सगळा घोळ शकाचा आहे. जपानमध्ये सम्राट जिम्मू यांच्या राज्यारोहणाच्या पारंपरिक वर्षापासून, म्हणजे इसवी सनापूर्वी ६६० पासून, एक कालगणना मोजली जाई. त्या गणनेने १९३५ हे वर्ष २५९५ होते (आपल्या पंचांगात तेव्हा शके १८५७ चालू होते), आणि त्यातील शेवटचे दोन अंक म्हणजेच हे ‘९५’. नाकाजिमाचे विमान ऑक्टोबर १९३५ मध्ये स्वीकारले गेले म्हणून ते प्रकार ९५ ठरले, आणि त्याच काळातील कावानिशी कंपनीचे तीन आसनी विमान प्रकार ९४. पुढे १९४० मध्ये २६०० हे वर्ष आले आणि त्या वर्षीची विमाने ‘प्रकार शून्य’ झाली. प्रसिद्ध झीरो लढाऊ विमानाचे नाव तेथूनच आले आहे.

मात्र ही पद्धत सुरुवातीपासून नव्हती. १९२० च्या दशकात सम्राटाच्या कारकिर्दीचे वर्ष धरले जाई, त्यामुळे नाकाजिमाचेच आधीचे ई२एन हे ‘प्रकार १५’ आहे, म्हणजे तैशो सम्राटाच्या राज्याचे पंधरावे वर्ष, १९२६. नवीन विमानाची मागणी नोंदवतानाचा आकडा आणखी वेगळा असे. तो शोवा सम्राटाच्या वर्षाचा, म्हणून १९३३ ची मागणी ‘८-शी’ या नावाने ओळखली जाते. ‘ई८एन’मधील आठाचा या आठाशी संबंध नाही. तेथे ‘ई’ म्हणजे टेहळणी जलविमान, ‘८’ म्हणजे त्या वर्गातील आठवा क्रम आणि ‘एन’ म्हणजे नाकाजिमा. दोन्हीकडे आठ यावा हा निव्वळ योगायोग आहे, पण त्याने भल्याभल्यांना चकवले आहे.

देवगिरी (छत्रपती संभाजीनगर) यांचे उत्तर

‘उचलेगिरी’ हा शब्द मला खटकतो, आणि त्याचे कारण आमच्या शहरातच आहे. हिमरू हे वस्त्र किनखाबाला पर्याय म्हणून विणले जाऊ लागले, असे सांगतात. पण आज हिमरूला नक्कल म्हणणारा विणकर शोधून सापडणार नाही. जपानी जलविमानांची वाटचाल साधारण तशीच झाली.

पहिल्या महायुद्धानंतर जपानच्या वाट्याला जर्मन जलविमाने आली आणि त्यांतील हान्सा ब्रांडेनबुर्ग विमानाच्या धर्तीवर जपानमध्ये विमाने बांधली गेली. १९२१ मध्ये सेम्पिल यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश पथक येऊन जपानी नौदलाच्या वैमानिकांना शिकवून गेले. १९२५ साली नागातो या युद्धनौकेच्या दुसऱ्या तोफबुरुजावर लाकडी धावपट्टी उभारून हाइन्केलच्या दोन जर्मन विमानांची उड्डाण चाचणी घेतली गेली. जर्मनीवर तेव्हा युद्धोत्तर निर्बंध होते, त्यामुळे तेथील कारखानदारांना परदेशी मागणी हवी होती, आणि जपानला नेमकी जहाजावरून उडणारी विमाने हवी होती. दोघांची गरज जुळली.

१९३० च्या सुमारास ‘प्रकार ९०’ या एकाच नावाखाली तीन वेगवेगळी विमाने आली, आणि माझ्या मते आपल्या दुसऱ्या शंकेचे उत्तर या तिघांत आहे. आइचीचे ई३ए हाइन्केलच्या आरेखनावर बेतलेले होते, नाकाजिमाच्या ई४एनवर व्हॉट कोर्सेअरची छाप होती, आणि तिसरे कावानिशीचे ई५के होते. आइचीचे विमान डझनभरच बांधले गेले, तर ई४एन दीडशेच्या आसपास. ई४एनची पहिली आवृत्ती दोन तरंड्यांची होती. दुसऱ्या आवृत्तीत मधला एकच मोठा तरंडा आला आणि तीच स्वीकारली गेली. म्हणजे कोर्सेअरचे ऋण आहे ते ई४एनवर. ई८एन त्या घरातली पुढची पिढी आहे: पंखांचे क्षेत्रफळ कमी केलेले, शेपटीचे उभे पाते उंच केलेले, इंजिन अधिक ताकदीचे. त्या नऊ सिलिंडरच्या कोतोबुकी इंजिनाचीही कथा तशीच आहे. नाकाजिमा कंपनी आधी ब्रिटनच्या ब्रिस्टल कंपनीचे ज्युपिटर इंजिन परवान्याने बनवत असे; त्या अनुभवातून स्वतःचे इंजिन तयार झाले तेव्हा त्याला दीर्घायुष्याचा अर्थ असलेले नाव दिले गेले, कारण ते चिन्ह ‘जु’ असेही वाचता येते आणि त्यात ज्युपिटरचा पहिला उच्चार राहतो. ज्याला चोरी लपवायची असते तो असले नाव ठेवत नाही.

आता तिसरी शंका. आपल्या विद्यार्थ्यांना हे आवर्जून सांगा की ८-शीच्या स्पर्धेत एकपंखी विमान उतरले होते. कावानिशीचे ई८के हे खाली पंख असलेले एकपंखी होते. आइचीनेही आपले विमान दिले होते. नाकाजिमाच्या नमुन्याने मार्च १९३४ मध्ये पहिले उड्डाण केले, तिघांची तुलना झाली आणि नौदलाने समोर एकपंखी असताना दुपंखी निवडले. अज्ञानातून झालेली ही निवड नव्हे. दोन आसनी विमानाकडून नौदलाला टेहळणी आणि तोफांच्या माऱ्याचा नेम सांगणे एवढेच नको होते, प्रसंगी शत्रूच्या विमानाशी झुंजही हवी होती. ताशी सुमारे ३०० किलोमीटर वेगात वळणाची चपळाई दुपंख्याकडे अधिक होती. शिवाय दोन मजली पंखांमुळे कमी विस्तारात पुरेसे क्षेत्रफळ मिळते, उतरण्याचा वेग कमी राहतो, आणि जहाजावर जागा कमी लागते. एकूण ७५५ विमाने बांधली गेली आणि चीनमधील युद्धात त्यांनी सूर मारून बाँबफेकसुद्धा केली. तसेही १९४० मध्ये याच नौदलाने लांब पल्ल्याच्या टेहळणीसाठी आइचीचे एकपंखी ई१३ए आणि निरीक्षणासाठी मित्सुबिशीचे दुपंखी एफ१एम ही दोन्ही विमाने घेतली.

बालाघाट (लातूर)

आपण दोघांनी फार मोठे ओझे उतरवले. एक उपशंका राहते. कावानिशीच्या प्रकार ९४ ला दोन तरंडे आहेत. एकच नौदल, जवळपास एकच वर्ष, मग एकाला एक आणि दुसऱ्याला दोन असे का?

जायकवाडी (गंगापूर) यांचे उत्तर

कामे वेगळी होती, म्हणून. प्रकार ९४, म्हणजे ई७के, तीन माणसांचे, सुमारे १४ मीटर पंखांचे आणि तासन्‌तास उडत राहणारे विमान होते. त्याला इंधनाचा भार वाहायचा होता, आणि दोन तरंड्यांवर असे विमान पाण्यात आपोआप स्थिर राहते व पोट मोकळे राहते. (त्याचे पाण्याने थंड होणारे हिरो इंजिन भरवशाचे नव्हते, म्हणून १९३८ मध्ये हवेने थंड होणारे झुइसेई बसवावे लागले.) ई८एनसारख्या हलक्या विमानाला मात्र एका तरंड्यामुळे खांब कमी लागतात, हवेचा अडथळा कमी होतो आणि लाटेचा धक्का थेट धडाच्या मध्यरेषेवर येतो. टोकांचे लहान तरंडे केवळ कलंडू नये म्हणून असतात; विमान सरळ असताना ते पाण्याला जेमतेम टेकतात.

आपली प्रतिकृती लाकडी आहे, म्हणून आणखी एक गोष्ट सुचवतो. मुख्य तरंड्याचा तळ सलग करू नका. विमानाच्या गुरुत्वमध्याच्या किंचित मागे त्या तळाला आडवी पायरी असते. वेग वाढला की पाणी त्या पायरीपाशी तळापासून सुटते, मागचा भाग मोकळा होतो आणि तरंडा पुढच्या भागावर घसरू लागतो. पायरी नसेल तर पाणी तळाला चिकटून राहते आणि विमान कितीही जोर केला तरी उठत नाही. आमच्या नाथसागराचे पाणी पहाटे आरशासारखे असते. पाहणाऱ्याला ते सुंदर वाटेल, पण जलविमानाला उठण्यासाठी असले पाणी नडते आणि थोडी सुरकुती असलेले बरे पडते.

जहाजावरून उडताना अर्थात पाण्याचा प्रश्न नसे. बंदुकीच्या दारूच्या स्फोटाने चालणारा कॅटापल्ट गाड्यावर ठेवलेल्या विमानाला काही मीटरांत हवेत फेकत असे. अवघड होते ते परतणे. जहाज वळण घेऊन आपल्या आतल्या बाजूला थोडे शांत पाणी तयार करी, विमान तेथे उतरून जवळ येई, एक जण वरच्या पंखावर चढून यारीचा आकडा अडकवी आणि मग विमान उचलले जाई. हा सगळा खटाटोप जपानने इतक्या जिद्दीने सांभाळला, कारण विमानवाहू जहाजांवरची विमाने हल्ल्यासाठी राखायची आणि शोधाचे काम क्रूझर व युद्धनौकांच्या जलविमानांनी करायचे, असा त्यांचा विचार होता. १९३८ मध्ये सेवेत आलेल्या तोने या क्रूझरच्या चारही मुख्य तोफबुरुजांची मांडणी पुढच्या बाजूस केली होती, ती मागचा भाग विमानांना मोकळा मिळावा म्हणून.

या धोरणाची किंमत १९४२ मध्ये अमेरिकेशी झालेल्या मिडवेच्या नाविक लढाईत दिसली. त्या दिवशी हारुना युद्धनौकेवरून उडालेले विमान हे आपलेच ई८एन होते. शोधासाठी इतर विमानांना ३०० सागरी मैलांचे पट्टे दिले असताना त्याला १५० मैलांचाच द्यावा लागला. विमानात दोष नव्हता. ते ज्या कामासाठी १९३३ मध्ये मागवले गेले, त्या कामापेक्षा समुद्र मोठा झाला होता.

बालाघाट (लातूर)

आपले सर्वांचे मनःपूर्वक आभार. आम्ही तरंड्याचा तळ अगदी गुळगुळीत, सलग तासून घेतला आहे आणि विद्यार्थ्यांनी त्यावर रंगाचा पहिला हातही मारला आहे. सोमवारी तो खरवडून पायरी काढायला घेतो. वरच्या पंखावर आकड्यासाठी पितळेची कडी बसवण्याचे काम ज्या विद्यार्थ्याने ‘मागासलेपणा’ हा शब्द काढला होता त्याच्याकडेच सोपवले आहे.