अनुभव धागा: जत्रा शनिवार-रविवारी आली की...

नमस्कार मंडळी,

आमचं गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात, एस.टी.तून उतरलं की अजून चढ चढायचा. एरवी गावात म्हातारी माणसं आणि गुरं, बाकी प्रत्येक घरातला एक तरी मुंबईला, बरेचसे माथाडी. जत्रा तिथीवर, त्यामुळे मधल्या वारी आली की रजा मिळत नाही आणि निम्मी घरं कुलपातच राहतात. २०२५ ला मात्र हनुमान जयंती १२ एप्रिलला शनिवारी आली आणि शुक्रवारी रात्रीच वाडीवाडीत गाड्या लागल्या. पहाटे जन्माचं कीर्तन, सूर्य उगवला की पाळणा, सुंठवडा, मग घरोघरी पुरणाचा निवद, रात्री छबिना म्हणजे पालखीची मिरवणूक, रविवारी खारा, म्हणजे मटणाचा निवद आणि दुपारी कुस्त्यांचा फड. दोन दिवसांत चार तास झोपलो असेन.

फडाचं सांगतो. शाळेमागचं रान नांगरून त्यात तांबडी माती टाकलेली, हलगी घुमायला लागली की पोरं आपोआप कपडे काढायला लागतात. आधी रेवड्यांच्या कुस्त्या, बारक्या पोरांच्या. माझा पुतण्या नऊ वर्षांचा, घाटकोपरला वाढलेला, मातीत कधी पाय नाही टाकला, तो हट्टाने उतरला आणि अर्ध्या मिनिटात चितपट. रडायच्या बेतात होता तेवढ्यात जिंकलेल्या पोरानेच त्याच्या पाठीवरची माती झटकली आणि आपल्या मुठीतल्या दोन रेवड्या त्याला दिल्या. दोघं नंतर दिवसभर जत्रेतल्या झोक्याच्या पाळण्यापाशी एकत्र.

तुमच्याकडचे असे दोन दिवस लिहा. फोटो नसले तरी चालेल, तुम्ही स्वतः काय केलंत ते लिहा.

*

माझं माहेर जावळीचं. आमच्याकडे जत्रेची सुरुवात पाण्यापासून होते. पावसाळ्यात घराबाहेर पडवत नाही एवढा पाऊस, आणि चैत्रात झरा करंगळीएवढा होतो, त्यात घरटी तीस-चाळीस पाहुणे. पूर्वी आई आणि काकू रात्री दोनला हंडे घेऊन नंबर लावायच्या. यंदा भावांनी गुरुवारपासूनच पिंपं भरून ठेवली, कुणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे शनिवारी पुरण वाटून, पोळ्या करून, कटाची आमटी उकळवून आम्ही बायका रात्री दहाला मोकळ्या. लग्नाला अठरा वर्षं झाली आणि छबिना मी पहिल्यांदा शेवटपर्यंत पाहिला, पालखी आमच्या दारात आली तेव्हा आईने ओवाळलं, वहिनीने पाणी घातलं, मी नुसती बघत उभी राहिले. लय समाधान वाटलं बघा. रविवारचं मटण भावांनीच चुलीवर केलं, तिखट झालं होतं पण आम्ही सगळ्या आयत्या पानावर बसलो.

*

मी देशावरचा, नोकरीनिमित्त मोखाड्याकडे शिक्षक म्हणून होतो, तिथला बोहाडा, म्हणजे मुखवटे लावून सोंगं नाचवायचा उत्सव, लिहितो. रात्रभर एकामागून एक सोंगं येतात, गणपती, शारदा, मग राक्षस आणि देव, आणि पहाटे शेवटी देवी आणि महिषासुराचं युद्ध. कुठलं सोंग कुणाच्या घरचं ते पिढ्यानपिढ्या ठरलेलं. मला एका पालकांनी त्यांच्या घरी नेलं तेव्हा त्यांचा मुलगा, माझा सातवीतला विद्यार्थी, पहिल्यांदा मुखवटा लावत होता. डोक्याला फडकं गच्च गुंडाळलं, वर मुखवटा ठेवून मागून आवळला, त्याला नीट दिसतही नव्हतं, आजोबा फक्त म्हणाले, संबळ ऐक, पाय आपोआप पडतील. वर्गात तोंड न उघडणारा तो पोरगा टेंभ्याच्या उजेडात असा नाचला की माझ्या अंगावर काटा आला. सोमवारी वर्गात मी त्याला पहिल्या बाकावर बसवून सगळं सांगायला लावलं, आणि तो सलग वीस मिनिटं बोलला.

*

आंबेगाव, भीमाशंकरच्या पायथ्याकडचा. आमच्याकडे जत्रा म्हणजे बैलगाडा शर्यत. २०१४ च्या बंदीनंतर घाट, म्हणजे गाडे पळवायची धावपट्टी, ओस पडलेला, नुसतं गवत. डिसेंबर २०२१ ला कोर्टाने परवानगी दिली आणि मे २०२३ ला घटनापीठाने कायदा मान्य केला तेव्हा वडील काहीच बोलले नाहीत, गोठ्यात जाऊन बैलाच्या मानेवर हात ठेवून उभे राहिले. आता जत्रेच्या दोन दिवसांत सकाळी डॉक्टरांकडून बैलांची तपासणी, मग पुढे घोडी, मागे चार बैल, आणि सगळा घाट आरोळ्यांनी दणाणतो. सेकंदांचा खेळ आहे, पापणी लवली की बारी, म्हणजे एका गाड्याची धाव, गेली. आमची यंदा बक्षिसात नाही बसली, तरी संध्याकाळी बैलांना आधी पुरणपोळी, मग आम्ही जेवलो.

*

नंदुरबारकडून थोडक्यात. सातपुड्यात होळीच्या आधीचे भोंगऱ्याचे बाजार आणि काठी गावची होळी एकदा तरी बघाच. कमरेला भोपळे, डोक्यावर मोरपिसांचा टोप, रात्रभर ढोल आणि पहाटे होळी पेटते. थंडी असते, स्वेटर घेऊन या.

*

धागाकर्ता परत. जावळीच्या ताई, पिंपांचं आमच्या मंडळाला वाचून दाखवलं, पुढच्या वेळी आम्ही पण तसंच करणार. पुतण्याने कॅलेंडर काढून बघितलंय, २०२६ ला हनुमान जयंती २ एप्रिलला, गुरुवारी. पण शुक्रवारी गुड फ्रायडेची सुट्टी आहे, एकच रजा टाकली की चार दिवस मिळतात. रेवड्यांच्या कुस्त्यांत तो परत उतरणारच म्हणतोय, रोज सकाळी जोर मारतोय.