खांदेरीची बत्ती, प्राँग्सची बत्ती : तुमचे अनुभव इथे लिहा

मुंबई बंदराच्या तोंडाशी असलेल्या दीपगृहांची उंची आणि बांधकामाचं साल कुठेही सापडतं. त्यांच्या उजेडात ज्यांनी दिवस काढले, त्यांचं फारसं कुणी लिहून ठेवलेलं नाही. म्हणून हा धागा काढतेय. थळसमोरच्या खांदेरी बेटावरचं दीपगृह १८६७ चं, कुलाब्याच्या टोकापलीकडचं प्राँग्स १८७५ चं. मासेमारी, नोकरी, भटकंती, नवस, निमित्त काहीही असो, आठवेल तसं लिहा. घरातल्या जुन्या माणसांना आवर्जून विचारा, त्यांच्यामागे सांगणारं कुणी उरणार नाही.

कुलाब्याहून
आमचा धंदा दर्याचा. रात्री परतताना आबा प्राँग्सची बत्ती मोजायचे. प्रत्येक बत्तीची उघडझाप वेगळी असते, दोन झोतांमध्ये काळोख किती वेळ राहतो त्यावरून ती कुठली हे ओळखायचं. आबा तोंडाने आकडे म्हणायचे आणि मध्ये कुणी बोललं तर हात वर करून गप्प करायचे. प्राँग्सच्या भोवती खडक पाण्याखाली लांबवर पसरलेत. भरतीला त्यातला एक दिसत नाही, ओहोटीला मात्र खडकांवरून मनोऱ्यापर्यंत पायी जाता येतं. आता होडीवर जीपीएस आहे. तरी मशीन बंद पडलं की पोरं मलाच विचारतात, ‘बाबा, ही कुठली बत्ती?’

डोंबिवलीहून
माझे वडील दीपगृह खात्यात होते, काही काळ खांदेरीला. सुट्टीत आम्ही मुलं जायचो. सकाळी बत्ती विझली की पहिलं काम म्हणजे भिंगाभोवतीचे पडदे ओढणं. लोकांना वाटतं धुळीसाठी. खरं कारण ऊन! जी भिंगं दिव्याचा उजेड गोळा करून मैलोगणती लांब फेकतात, तीच बाहेरचं ऊन आत एकवटतात आणि आतल्या वस्तूंना आग लागू शकते. मग मऊ कापडाने एकेक काच पुसायची. अंगठ्या आणि घड्याळ काढून ठेवल्याशिवाय बाबा काचेला हात लावू देत नसत. फार पूर्वी भिंग फिरवायला वजनं असत, असं ते सांगायचे: जड वजन साखळीने वर चढवायचं, ते हळूहळू खाली उतरेल तसं भिंग फिरत राही आणि रात्री पुन्हा पुन्हा उठून चावी द्यावी लागे. पावसात लाँच येऊ शकली नाही की डाळभातावर भागवायचं. आईने तिथे सुकी मासळी, चिंच, पापड असं साठवायला शिकून घेतलं, ते आजतागायत सुटलेलं नाही.

ठाण्याहून
मी किल्ल्यांमागे फिरणारा. खांदेरीला बहुतेक जण दीपगृह बघून, फोटो काढून परततात, त्याचं फार वाईट वाटतं. १६७९ साली महाराजांनी इथे तटबंदी घालायला घेतली, तेव्हा मुंबईकर इंग्रज आणि सिद्दी दोघेही अडवायला आले. भर समुद्रात लढत लढत मायनाक भंडारी आणि त्यांच्या माणसांनी काम सुरू ठेवलं. गाड्यावरच्या तोफा आजही तिथे आहेत. २०२५ मध्ये ज्या मराठा लष्करी स्थळांना जागतिक वारसा मिळाला, त्यात खांदेरी आहे. आणि तो वाजणारा दगड! आपटल्यावर पत्र्यासारखा नाद येतो. पण हौसेपायी माणसं त्यावर इतके दगड मारतात की जागोजागी खळगे पडलेत. कृपा करून हलकेच वाजवा.

वरळीहून
माहेर थळचं. नवी होडी पाण्यात घातली की आधी खांदेरीच्या वेतोबाला नारळ, मग जाळं. बत्तीसुद्धा आमच्या लेखी वेतोबाचीच.

दादरहून
आईला एकदा बेट बघायचंय, वय ७२. नेता येईल का?

वरळीहून
जरूर आणा ताई. पावसाळा सोडून या. थळला होडी ठरवताना भरती-ओहोटीच्या वेळा विचारून घ्या आणि शक्यतो अष्टमीच्या आसपासचा दिवस धरा, तेव्हा भांग असतो, पाणी फार चढत-उतरत नाही. पुनव-अवसेच्या उधाणात धक्क्यावर पाय टाकणं वयस्कर माणसाला जड जातं. पाणी आणि खाणं बरोबर न्या.