कथास्पर्धेचं परीक्षण, भयकथा आणि विनोदी कथा एका तराजूत कशा तोलायच्या? मदत हवी आहे

मंडळी, आमच्या वाचनालयाच्या कथास्पर्धेला आम्ही तिघं परीक्षक आहोत आणि विषयाचं बंधन नसल्यामुळे ग्रामीण, भयकथा, विज्ञानकथा, विनोदी असं सगळंच एका गठ्ठ्यात आलंय. नावं झाकलीयेत, तेवढं बरं केलं (नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नाव बदलूनच कथा पाठवली होती आणि बक्षीस मिळवलं होतं, ते डोक्यात होतं). पण गुणांचा तक्ता बघितला की गडबड कळते. 'आशय' ला ४० गुण, त्यामुळे शेतकऱ्याच्या कर्जावरची रडकी कथा बसल्या जागी ३० घेऊन जाते आणि एक विनोदी कथा, सोसायटीच्या मीटिंगमधे पाण्याच्या टाकीवरून जुंपते ती, संवाद इतके नेमके की मी एकटाच बसून हसत होतो, तिला आमच्या एका सरांनी १५ दिले, का तर 'हलकीफुलकी आहे'. अहो, हलकीफुलकी लिहिणं सोपंय का? दुसऱ्या मॅडमना भुताखेतांचं वावडं, त्या भयकथा अर्ध्यातच सोडतात.

प्रकारानुसार वेगळी बक्षिसं देण्याएवढं बजेट नाही. गुणांऐवजी प्रत्येकाने नुसते क्रम लावले तर जमेल का? की आशय काढून 'कथेने जे करायचं ठरवलं ते साधलं का' असा निकष ठेवू? कुणी परीक्षण केलं असेल तर तुमचा तक्ता कसा होता ते प्लीज सांगा, निकाल पुढच्या आठवड्यात लावायचाय.