मदत हवी आहे: एमएसचं औषध लागू पडलंय, मग पाठीच्या पाण्यातले बँड जायला हवेत का?

नमस्कार मंडळी,

मी नागपूरचा, मनीषनगरात राहतो. लहान बहिणीला (वय ३१) मागच्या वर्षी मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस, मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचा आजार) निघाला. आधी डाव्या डोळ्याला धूसर दिसायला लागलं, मग पायात मुंग्या. एमआरआय झाला, पाठीतून पाणी (मेंदू-मज्जारज्जूभोवतीचा द्रव) काढलं, स्टिरॉइडची सलाइनं लागली. आता दर सहा महिन्यांनी रिटुक्सिमॅब हे औषध चालू आहे.

सुरुवातीच्या पाण्याचा रिपोर्ट: पेशी १४, प्रोटीन नॉर्मल, आयजीजी इंडेक्स (आयजीजी ही अँटिबॉडी आतच बनतेय का ते सांगणारा आकडा) ०.९२, ऑलिगोक्लोनल बँड (टेस्टमध्ये दिसणाऱ्या अँटिबॉडीच्या रेघा) पाण्यात आहेत, रक्तात नाहीत.

त्यानंतर अटॅक आलेला नाही, ताज्या एमआरआयमध्ये नवीन डाग नाही. पण दुसरं मत घ्यायला गेलो, तिथले डॉक्टर म्हणाले, "पुन्हा पाणी काढून बघू, बँड गेले का ते कळेल." बहीण ऐकायलाच तयार नाही. मागच्या वेळी पाणी काढल्यावर उठून बसली की डोकं फुटायचं, आडवी झाली की थांबायचं. त्यात आईचा वेगळाच घोर. उन्हाळ्यात लाइट जाऊन कूलर बंद पडला की बहिणीचे पाय जड होतात, आणि आई लगेच म्हणते औषध लागूच नाही होऊन राहिलं!

तर प्रश्न असा: औषध काम करत असेल तर पाण्यातली कोणती गोष्ट बदलते? आणि बँड राहिले तर औषध बदलावं लागेल का?

प्रतिसाद – जेलवाला

भाऊ, मी न्यूरॉलॉजिस्ट नाही, लॅबमध्ये बरीच वर्षं हेच काम केलंय. तेवढ्यापुरतं सांगतो.

बँडच्या टेस्टमध्ये पाणी आणि रक्त शेजारी-शेजारी चालवतात. पाण्याच्या पट्टीत बारीक रेघा दिसतात, रक्ताच्या पट्टीत त्या जागा कोऱ्या असतात. म्हणजे ती अँटिबॉडी मेंदू आणि मज्जारज्जूच्या आवरणाच्या आतच तयार होतेय. एमएसच्या दहातल्या जवळपास नऊ पेशंटमध्ये हे सापडतं, म्हणून निदानाला टेस्ट उत्तम. एमएसच्या निदानासाठीच्या २०१७ च्या मॅक्डॉनल्ड निकषांत तर पहिल्याच अटॅकनंतर निदान पक्कं करायला बँडचा आधार घेता येतो. पण उपचार मोजायला ही टेस्ट फारशी कामाची नाही.

कारण रिटुक्सिमॅब ज्या बी-पेशी (रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) मारतं त्यांच्यावर सीडी२० नावाची खूण असते. प्रत्यक्ष अँटिबॉडी ओतणाऱ्या प्लाझ्मा पेशींवर ती खूणच नसते. त्या आत ठाण मांडून बसतात. शिवाय शिरेतून दिलेल्या या औषधाचा अगदी नगण्य भाग पाठीच्या पाण्यात पोचतो. रिटुक्सिमॅबनंतर सुमारे सहा महिन्यांनी पुन्हा पाणी तपासण्याचे अभ्यास झालेत. त्यात बी-पेशी खूप घटल्या, टी-पेशीही घटल्या, बी-पेशींना बोलावून घेणारं सीएक्ससीएल१३ हे रसायन उतरलं. बँड आणि आयजीजी इंडेक्स मात्र जवळपास तिथेच. म्हणून ताईचे बँड राहिले तरी औषध फसलं असा अर्थ निघत नाही.

औषधागणिक फरक पडतो. स्टिरॉइडने इंडेक्स आणि पेशी खाली येतात, पण तो परिणाम टिकत नाही. नॅटालिझुमॅब हे एमएसचं दुसरं औषध पेशींना आत शिरूच देत नाही, त्यामुळे पाण्यातल्या पेशी झपाट्याने कमी होतात. त्यावर काही जणांचे बँडसुद्धा पुसट झालेले किंवा गेलेले नोंदलेत, पण तो नियम नाही.

खरं बघण्यासारखं आहे ते न्यूरोफिलामेंट लाइट चेन. मज्जातंतूची तार तुटली की हे प्रोटीन पाण्यात सांडतं. २०११ च्या एका स्वीडिश अभ्यासात नॅटालिझुमॅबनंतर पाण्यातलं हे प्रमाण सुमारे एक तृतीयांशावर आलं, म्हणजे निरोगी माणसांच्या पातळीला. आता ते रक्तातूनही मोजता येतं. पण वय वाढलं की ते आपोआप चढतं, आणि डोक्याला मार किंवा दुसरा मज्जातंतूचा आजार असला तरी वाढतं. एकट्या आकड्यावरून ठरवू नका.

आईंना सांगा, गरमीने पाय जड होणं या आजारात नेहमीचं आहे. अंग गार झालं की उतरतं, तो नवा अटॅक नाही. गार होऊनही एक दिवसापेक्षा जास्त टिकलं तर मात्र डॉक्टरांना फोन.

प्रतिसाद – सक्करदरा_ताई

मी स्वतः एमएसची पेशंट, नॅटालिझुमॅबवर. माझ्या डॉक्टरांनी सांगितलंय, पुन्हा पाणी काढायचं ते कारण असेल तरच. उदाहरणार्थ जेसी व्हायरसने मेंदूत इन्फेक्शन झाल्याची शंका आली तर, किंवा निदानच चुकलंय असं वाटलं तर. "बघू या" म्हणून नाही. त्या डॉक्टरांना सरळ विचारा, रिपोर्ट काहीही आला तरी औषध बदलणार का? उत्तर नाही असेल तर कशाला सुई टोचून घ्यायची?

आणि रिटुक्सिमॅबवर असताना रक्तातलं आयजीजी तपासून घेत जा. ते फार खाली गेलं तर इन्फेक्शन पिच्छा सोडत नाहीत.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. आयजीजी गेल्या वर्षीपासून कुणी लिहूनच दिलं नाही, गुरुवारी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे अपॉइंटमेंट आहे तेव्हा मागून घेतो. सीडी१९ काउंटही (रक्तातल्या बी-पेशींची मोजणी) विचारतो. पाणी काढायचं सध्या थांबवलंय, बहिणीने हे वाचून मला चहा पाजला!

रक्तातलं न्यूरोफिलामेंट नागपुरात कुणी करून घेतलंय का? नमुना इथेच घेतात की बाहेर पाठवतात, आणि खर्च किती येतो, तेवढं सांगा.