ओकच्या किचन कॅबिनेटच्या दारांवर काळे ठिपके आलेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही न्यू जर्सीत राहतो आणि किचनची दारं मी स्वतः रेड ओकच्या लाकडात करतोय, एकूण 14, त्यातली 6 झालीत. मधली फळी चौकटीच्या खाचेत मोकळी ठेवलीय, गोंद फक्त चौकटीच्या सांध्यांना, कारण इथे उन्हाळा दमट आणि थंडीत हीटरने हवा एकदम कोरडी, फळी चिकटवली तर तडकणारच.

घोळ असा झाला की वॉटर बेस्ड पॉलीयुरेथेनचा (लाकडावर द्यायचं पाण्यातलं पारदर्शक फिनिश) पहिला हात वाळल्यावर मी स्टील वूलने (बारीक लोखंडी तारांचा बोळा) घासलं, धूळ पुसली आणि दुसरा हात दिला, दोन दिवसांनी बघतो तर ओकच्या बारीक छिद्रांत मोहरीएवढे निळसर काळे ठिपके! ओकमधलं टॅनिन (लाकडातलं नैसर्गिक तुरट द्रव्य) आणि स्टील वूलचे राहिलेले लोखंडाचे कण ओलाव्यात भेटले की असं होतं हे नंतर वाचलं, फार जीवाला लागलं हो, तीन महिन्यांचे शनिवार-रविवार गेलेत त्यात.

आता फिनिश काढून ऑक्झॅलिक अ‍ॅसिड (लोखंडाचे काळे डाग घालवणारं ब्लीच) लावायचं म्हणतोय. कोणी केलंय का? फक्त ठिपक्यांवर लावलं तर तिथे फिकट डाग पडतो का, की अख्खं दारच करावं लागतं? नंतर किती वेळा धुवायचं?

आणि उरलेल्या 8 दारांच्या फळ्यांना चौकटीत बसवायच्या आधीच फिनिश देऊ ना? थंडीत फळी आकसली की कडेला कोरी पट्टी दिसते म्हणून विचारतोय. गॅसशेजारच्या दारांवर रोज फोडणी उडणार, हळदीचे डाग न धरणारं फिनिश कुणी वापरलं असेल तर तेही सांगा प्लीज.