पोस्टमनांची राज्य संघटना हवीच कशाला?

लखोटा: अमेरिकेतल्या शहरी पोस्टमनांची युनियन, नॅशनल असोसिएशन ऑफ लेटर कॅरिअर्स, तीन मजली आहे. खाली शाखा, मध्ये राज्य संघटना, वर राष्ट्रीय कार्यालय. माझ्या मते मधला मजला पाडावा. पगाराचा करार देशभर एकच आणि टपाल खातं केंद्राचं. तक्रारीची वाटही राज्य संघटनेवरून जात नाही. प्रकार कळल्यापासून १४ दिवसांत सुपरवायझरशी बोलणी, तिथे अडलं तर ७ दिवसांत ८१९० नंबरचा फॉर्म, पुढे युनियनचा एक आणि व्यवस्थापनाचा एक अशी जोडी, शेवटी लवाद. हे सगळं शाखेचा स्टुअर्ड, म्हणजे सभासदांच्या तक्रारी मांडणारा माणूस, आणि युनियनच्या १५ विभागांचे प्रतिनिधी बघतात. मग राज्याची वेगळी वर्गणी कशासाठी?

खाकी झोळी: वाट बरोबर सांगितलीत, पण ती करारात जे लिहिलंय त्यापुरतीच. या लोकांना संपाचा हक्क नाही. मार्च १९७० मध्ये न्यूयॉर्कपासून सुरू झालेला संप बेकायदाच होता, अध्यक्ष निक्सननी टपाल हाताळायला सैनिक आणले. त्यानंतरच्या कायद्याने पगारावर वाटाघाटीचा हक्क दिला, संपाचा नाही. आणि आठवड्यातून सहा दिवस वाटप, पेन्शन या गोष्टी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, हातात. २०१३ मध्ये खात्याने शनिवारची पत्रं बंद करायचं जाहीर केलं आणि काँग्रेसच्या अटीमुळे एप्रिलमध्ये माघार घेतली. सिनेटर राजधानीतल्या वकिलापेक्षा आपल्या मतदाराचं आधी ऐकतो. तो मतदार समोर नेऊन बसवणं हे राज्य संघटनेचं काम.

बिनतिकिटी: सिनेटरला फोन तर कुणीही करू शकतो! दुखणं पगाराचं आहे. दरसाल १.३ टक्के वाढीचा तात्पुरता करार सभासदांनी २०२५ च्या सुरुवातीला मोठ्या फरकाने फेटाळला. मार्चमध्ये लवादाने दिलं काय? १.३, १.४, १.५. त्यात राज्य संघटनेला हात घालायला जागाच नव्हती. लखोटा यांच्याशी सहमत.

दुपारची डाक: पगारात जागा नव्हती, मान्य. पण तक्रारी बुडतात कुठे ते बघा. दहाबारा पोस्टमनांच्या शाखेत स्टुअर्ड एकच, बहुधा तोच खजिनदार. १४ दिवस उलटून जातात. कामावर आल्यागेल्याच्या घड्याळी नोंदी लेखी मागितलेल्याच नसतात, त्यामुळे ओव्हरटाइम मागणाऱ्यांच्या यादीतल्या माणसाला डावलून दुसऱ्याला राबवलं हे सिद्ध होत नाही. कहर म्हणजे तक्रारीत कराराचं कलम लिहितात, हकिगत लिहितात आणि भरपाई काय हवी तेच राहतं. अनेक राज्य संघटना याचेच वर्ग घेतात. सरकारी नोकरांच्या राजकारणावर बंधनं घालणाऱ्या हॅच कायद्याचेही. खासदाराकडे विधेयकासाठी जाणं चालतं, पण गणवेशात किंवा ड्यूटीवर उमेदवाराचा प्रचार केला तर नोकरीवर येतं. हा फरक भल्याभल्यांना माहीत नसतो.

लखोटा: वर्गांचा मुद्दा पटला. पण ते विभागाने घ्यावेत. आणि खासदारांशी बोलायला प्रत्येक मतदारसंघात एक माणूस नेमला की झालं, त्यासाठी अध्यक्ष, सचिव, अधिवेशन एवढा डोलारा नको.

खाकी झोळी: अहो, एकेका विभागात बहुधा अनेक राज्यं असतात, सिनेटर मात्र राज्याचा! वायोमिंगचा खालच्या सभागृहात एकच प्रतिनिधी, पण सिनेटर कॅलिफोर्नियाइतकेच, दोन. तिथल्या चिमुकल्या शाखांना एकत्र कोण आणणार? शिवाय युनियनची वर्गणी केंद्रीय निवडणुकीत उमेदवाराला देता येत नाही. त्यासाठी स्वेच्छेने दिलेला वेगळा निधी लागतो, आणि तो सभासदाला एकेक गाठून, समजावून, पगारातून कपातीचा फॉर्म भरून घेऊनच जमतो. मतदारसंघातला तुमचा तो एकटा माणूस हे किती शाखांत फिरून करेल?

बिनतिकिटी: फिरेल, वर्गणी वाचली की भाडं निघतं.